आधी अर्थिंग, मग रॅम

दुपारी दोन ते पाचच्या मध्ये संगणक वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप बंद. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या. दर दोन दिवसांनी तारीख थेट २०१३ वर. आणि सुरू व्हायला पावणेचार मिनिटं. एप्रिल २०२५ मध्ये अमळनेरात एका दहा वर्षांच्या संगणकाची ही अवस्था होती. दुकानातलं उत्तर एकच: "भाऊ, हे आता जुनं झालं. अडतीस हजारात नवीन बसवून देतो."

संगणक असा: इंटेल आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, वर ४५० वॅट छापलेला साधा एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. हे आधी सांगतो, कारण नुसतं "संगणक बंद पडतो, काय करू?" असं विचारलं की दहा जण दहा पार्ट बदलायला सांगतात. मॉडेल, वेळ आणि मोजलेले आकडे दिले की उत्तरं सुधारतात. धुळ्याच्या एका जाणकार मित्राने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "दुपारीच बंद पडतो का भो, का रात्रीही?" रात्री अकराला तोच संगणक तीन तास विनातक्रार चालला. म्हणजे दोष निव्वळ वयाचा नव्हता. दुपारी या घरात दोन गोष्टी बदलतात, उष्णता आणि व्होल्टेज. पुढचे सहा आठवडे या दोन धाग्यांवरच गेले.

रविवार, २० एप्रिल. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी डेटा. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने हार्ड डिस्कला पिवळा "कॉशन" शेरा दिला होता. यातल्या तीनच ओळी नीट बघायच्या: ०५ म्हणजे खराब झाल्याने दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले सेक्टर, आणि सी६ म्हणजे हाताबाहेर गेलेले. ०५ मध्ये आकडा असून तो महिनोन्‌महिने स्थिर असेल तर डिस्क काही दिवस ढकलता येते. सी५ वाढत असेल तर त्या डिस्कवर तपासण्या, डीफ्रॅग, चेकडिस्क असलं काही चालवू नका. प्रत्येक तपासणी म्हणजे मरत्या बैलाला आणखी एक फेरा. इथे सी५ सकाळी १६ होता, संध्याकाळी २४.

म्हणून पेनड्राइव्हवरून सिस्टिमरेस्क्यू ही मोफत प्रणाली सुरू करून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आख्ख्या डिस्कची प्रत उसन्या आणलेल्या १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर काढली. आधी फक्त सहज वाचता येणारा भाग उचलायचा, अडलेल्या जागा सोडून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत त्या अडलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न. नोंदीची फाइल ठेवली तर मध्ये वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य हे तीनदा वाचून बघा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. रात्री आठला सुरू केलेलं काम सकाळी सातला संपलं. रात्रभर डिस्कची कटकट ऐकत झोप लागत नाही हे खरं, पण त्यानंतर काहीही बिघडलं तरी फोटो आणि जमिनीच्या कागदांचे स्कॅन सुरक्षित होते. हात मोकळा झाला तो तेव्हा.

सोमवारी मल्टिमीटर. सॉकेटवर मोजायचं तर मीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर, तारा शाबूत, पायात चप्पल. सवय नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रलमध्ये (परत नेणारी) दुपारी दोनला १९६, रात्री अकराला २४१ व्होल्ट मिळाले. त्याहून महत्त्वाचं पुढचं: फेज आणि अर्थमध्येही (जमिनीत गेलेली तार) जवळपास तेवढेच व्होल्ट यायला हवेत, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. इथे फेज-अर्थ ७० ते ११० मध्ये नाचत होतं. संगणक जोडला की न्यूट्रल-अर्थ १०५. याचा सरळ अर्थ, सॉकेटचं वरचं, अर्थचं भोक शोभेचं होतं.

झिणझिण्यांचं कारणही तेच. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. अर्थ असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर लटकतो. करंट इतका कमी की एरवी फक्त मुंग्या येतात. पण उद्या आतलं इन्सुलेशन गेलं तर फ्यूज उडायला वाटच नसते आणि पूर्ण फेज पत्र्यावर बसतो. "थोडं चावतं, चालायचंच" हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. तीन पिनेचा प्लग दोन पिनेचं कन्व्हर्टर लावून वापरणारेही घरोघरी आहेत.

अर्थ दोन ठिकाणी तुटलेला निघाला. एक्स्टेंशन बोर्डाला तीन भोकं होती, पण आतली केबल दोनच तारांची. बोर्ड उघडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून विकत घेताना केबल तीन कोअरची आहे का ते बघा. दुसरी तूट जमिनीतच. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून आकसते, हातभर भेगा पडतात, आणि अर्थिंगचा पाइप व माती यांचा संबंध सुटतो. पावसाळ्यात उत्तम चाललेली अर्थिंग एप्रिलमध्ये नापास होते ती यामुळे. वायरमनने फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा दिवा लावून दाखवला. तो लख्ख पेटायला हवा होता, नुसता लालसर झाला. ही परीक्षा आपण घरी करायची नाही, आणि आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेली असेल तर ती लगेच ट्रिप होते.

शनिवार, २६ एप्रिलला नवा खड्डा. अडीच मीटरचा भोकं पाडलेला जीआय पाइप, भोवती कोळसा आणि जाड मिठाचे आलटून पालटून थर, वर पाणी ओतायला नरसाळं, घराच्या पायापासून दीड मीटर लांब. जागा मोरीच्या पाण्याजवळ निवडली, म्हणजे ओल राहते. मजुरी आणि सामान मिळून ३,२०० रुपये. संध्याकाळी न्यूट्रल-अर्थ १.२ व्होल्ट आले आणि पत्रा गप्प झाला. एक सूचना: "अर्थ नाही तर न्यूट्रलच जोडून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट जिवंत होतं.

१ मेची सुट्टी सफाईला. एप्रिल-मेमध्ये इथली दुपारची हवा कोरडी, त्यामुळे अंगावर स्थिर वीज साठते. नायलॉनचे कपडे नकोत, आणि रॅम किंवा बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श. प्लग सॉकेटमध्ये ठेवून स्विच बंद केला तर फेज तुटतो, अर्थ जोडलेलाच राहतो. सॉकेटची वायरिंग नीट आहे याची खात्री असेल तरच, नाहीतर प्लग काढून ठेवलेला बरा.

ब्लोअर अंगणात चालवला. पंख्याच्या पात्याला बोट लावून धरायचं, हवेने ते गरगर फिरू द्यायचं नाही, नाहीतर बेअरिंग जातं. प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) धूळ आणि रुईचे तंतू मिळून वाकळेसारखा थर बसला होता. खरा दोष मात्र त्याच्या खाली. हीटसिंक आणि पंखा मिळून असलेल्या इंटेलच्या त्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक उचकटून वर आली होती. एक कोपरा अर्धा मिलिमीटर उचलला तरी संपर्क जातो. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्ट खडूसारखी वाळलेली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली. पिना बसवताना चारही खाचा मूळ जागी फिरवून, समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा "टक्‌" ऐकायचा, आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं पूर्ण फाकलीत का ते बघायचं. मागून न बघता झाकण लावणं हीच नेहमीची चूक.

आकडे: खोलीत ३९ अंश असताना आधी प्रोसेसर नुसता बसून ७८, काम दिलं की ९८-१००. या पिढीचा प्रोसेसर १०० च्या आसपास आधी स्वतःचा वेग पाडतो, तरी ताप चढत गेला तर बंद होतो. सफाईनंतर बसून ५२, पूर्ण भारावर ७९. दुपारचं बंद पडणं इथेच थांबलं, आणि संगणकावरचा तोवरचा खर्च पेस्टचे २५० आणि अल्कोहोलचे १२० एवढाच होता. तारीख-वेळ सांभाळणारा सीआर२०३२ सेल मीटरवर २.४ व्होल्ट दाखवत होता, नवा चाळीस रुपयांत आला. तारखेचा घोळ किरकोळ वाटतो, पण तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट प्रमाणपत्राची चूक दाखवून उघडतच नाहीत, आणि माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो.

कूलरबद्दल एक. संगणक तापतो म्हणून त्याला घरातल्या वाळ्याच्या कूलरच्या झोतात ठेवू नका. ओलावा, धूळ आणि बोअरच्या पाण्याचे क्षार असं सगळं एकत्र आत जातं. स्लॉटच्या टोकांवर हिरवट-पांढरा गंज धरलेले बोर्ड बहुतेक असेच आलेले असतात.

शनिवार, ३ मे, जळगाव. सुरत-भुसावळ मार्गावरची सकाळची गाडी, आणि उन्हं चढायच्या आत गोलाणी मार्केट. यादी लिहून नेली होती. यादी नसेल तर दुकानात बसलेला माणूस आपली यादी बनवतो.

एसएमपीएसवरचा वॅटचा मोठा आकडा वाचू नका, १२ व्होल्टच्या रांगेतला अँपिअर वाचा. जुन्यावर १६ अँपिअर होते, म्हणजे १६ गुणिले १२, फक्त १९२ वॅट. ४५० नव्हे. घरी मोजल्यावर भारावर ११.२ व्होल्ट मिळत होते. मर्यादा पाच टक्क्यांची, म्हणजे ११.४ ते १२.६. नवा ४५० वॅटचा, कार्यक्षमतेच्या ८० प्लस ब्राँझ शिक्क्याचा, २,६५० रुपयांना. जुना उघडून दुरुस्त करायचा मोह टाळा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर बंद केल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) ४८० जीबी, साटा जोडणीची, २,८५० रुपये, सोबत ८० ची केबल. एच८१ बोर्डवर बहुधा एम.२ खाच नसते, त्यामुळे त्या खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी घेऊन उपयोग नाही. या बोर्डवर साटाचे दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात, बहुधा वेगळ्या रंगाचे. एसएसडी ६ वाल्यातच. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी १,०५० ला, जुनीचे दीडशे वजा. बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेलं असतं. त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं. म्हणून यूपीएस टेबलाखाली फरशीवर ठेवा, खिडकीत नाही.

घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी मागचा छोटा स्विच बघावा. तो "यूपीएस" मोडवर हवा. दुसऱ्या मोडमध्ये इन्व्हर्टर फार कमी-जास्त व्होल्टेजही पुढे सोडतो आणि बदल सावकाश करतो, तेवढ्यात संगणक रीस्टार्ट.

आणि रॅम. इथे दुहेरी सापळा. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडी प्रोसेसरच्या बोर्डवर चालतात, आतल्या चिपची रचना वेगळी असते. इंटेलवर त्या एकतर दिसतच नाहीत किंवा बोर्ड बीप मारत बसतो. "इंटेल एच८१ वर चालली नाही तर परत" असं बिलावर लिहून घ्या. १,४५० ची पट्टी घेतली. दुकानदाराने वहीच्या पानावर कच्चं बिल दिलं. जीएसटी क्रमांकाचं, पट्टीचा सिरियल नंबर छापलेलं पक्कं बिल मागितलं तर पंधरा मिनिटं आणि थोडं तोंड वाकडं, एवढाच खर्च आला. त्या पंधरा मिनिटांनी पुढे १,४५० वाचवले.

कारण ४ मेच्या रात्री मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला आणि तिसऱ्या फेरीत लाल ओळी आल्या. रॅमच्या बाबतीत एक चूकसुद्धा एक जास्तच असते. सगळं उभं करून झाल्यावर हे बघणं जिवावर येतं, आणि "चालतंय ना, राहू दे" असं मन सांगतं. त्याचं ऐकायचं नाही. खराब रॅम फाइली गुपचूप बिघडवते आणि महिनाभराने कळतं. ताळा असा: नवी पट्टी एकटी, पहिल्या स्लॉटमध्ये. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग जुनी एकटी, दोन्ही स्लॉटमध्ये. नवी दोन्हीकडे चुकली, जुनी दोन्हीकडे निर्दोष. म्हणजे स्लॉट ठीक, बोर्ड ठीक, पट्टी खराब. पाय स्वच्छ करायला शाळेचं पांढरं खोडरबर आणि अल्कोहोलही झालं, फरक नाही.

दुकानाने कंपनीकडे बोट दाखवलं, तेही दुकानाची बदलून देण्याची ७ दिवसांची मुदत संपायच्या आत. ६ मेला कंपनीच्या साइटवर वॉरंटीचा अर्ज भरला. पहिल्यांदा नाकारला गेला. बिलाचा फोटो २ एमबीपेक्षा मोठा होता, आणि सिरियल नंबरातला शून्य इंग्रजी ओ म्हणून टाइप झाला होता. दुसऱ्यांदा बिल, पट्टीच्या स्टिकरचा फोटो आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो असं तिन्ही जोडलं. दोन कामकाजी दिवसांत तक्रार क्रमांक आणि मुंबईचा पत्ता आला. ९ मेला स्पीड पोस्टने पाठवलं, ९५ रुपये. पट्टी चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, मग पुठ्ठ्याच्या डबीत. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नाही. तक्रार क्रमांक पाकिटाच्या बाहेर मोठ्या अक्षरांत, नाहीतर पार्सल तिथल्या ढिगात हरवतं. पोस्टाची पावती आणि क्रमांकाचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. दहाव्या दिवशी विचारणा केली तर "प्रक्रियेत आहे". बदली पट्टी ३१ मेला आली, २२ दिवसांनी. तोवर जुन्या ४ जीबीवर काम भागवलं. एसएसडी बसल्यामुळे तेही सुसह्य होतं. बदली पट्टीलाही मेमटेस्टच्या चार फेऱ्या दिल्या. बदली आली म्हणजे चांगलीच असेल असं नसतं.

१ जूनला शेवटची मांडणी, म्हणजे नवी प्रणाली बसवणं. विंडोज ११ ला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते इथे नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ज्यांचं काम डिजिटल सहीच्या टोकनवर किंवा अंगठ्याच्या मशीनवर आहे, त्यांनी सध्या तोच मार्ग धरावा. इतरांनी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीच्या २२ मालिकेचा विचार करावा, तिचा आधार एप्रिल २०२९ पर्यंत आहे. फाइल सुमारे ३ जीबीची. उतरवल्यावर चेकसम (फाइल पूर्ण आणि बिनचूक आहे हे सांगणारा आकडा) जुळवून बघा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अर्धवट उतरलेली फाइल पुढे दोन तास खाते. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय या नव्या पद्धतीवर ठेवा. जुनं विंडोज ठेवायचं असेल आणि ते जुन्या आयडीई मोडवर बसवलेलं असेल तर आधी सेफ मोडमध्ये जायला सांगून मग मोड बदला, नाहीतर निळा पडदा. इथे मिंट बसवायला वीस मिनिटं लागली. सुरू होण्याची वेळ पावणेचार मिनिटांवरून पंचवीस सेकंदांवर.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इन्स्क्रिप्ट जोडा. "सुऱ्या", "दऱ्या" मधला तो अर्धा र बऱ्याच जणांना सापडत नाही: शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. ज्या जुन्या मराठी फाइली एका ठराविक फॉन्टवर अवलंबून राहून टाइप केल्या आहेत, त्या युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) बदलल्याशिवाय तो फॉन्ट नसेल तिथे नीट दिसणार नाहीत. विंडोज चालू असतानाच ते उरकून घ्या. प्रिंटरही मांडणीच्या आधी तपासा. पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून एक पान छापून बघता येतं. इथला जुना लेझर प्रिंटर दोन संध्याकाळी घेऊनही चालला नाही, तो आता शेजारच्या विंडोजवाल्या संगणकाला आहे.

हिशेब: प्रवासाचे १६० धरून संगणकावर ८,५९५ रुपये, अर्थिंगचे ३,२०० वेगळे, एकूण ११,७९५. अर्थिंगचे पैसे या खात्यात धरू नयेत असं माझं मत. ते फ्रिज, गीझर आणि माणसांसाठीही आहेत.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या आणि हवेत पुन्हा रुई उडू लागली. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर मच्छरदाणीचा नायलॉनचा तुकडा आतून चिकटवला आहे. त्याने ताप दोन-तीन अंश वाढतो, पण हीटसिंक स्वच्छ राहतो. दर पंधरा दिवसांनी तुकडा काढून धुवायचा, पूर्ण वाळवून लावायचा. आणि मार्चपासून दर रविवारी अर्थिंगच्या नरसाळ्यात दोन बादल्या पाणी, न्यूट्रल-अर्थचा आकडा मीटरच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहून.